कपेलचा चुना

जुनी भिंत म्हणजे उघडा दगड, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

मला कोणीच शिकवलं नव्हतं. मी ते धरून चालले होते, आणि तेवढ्या भरवशावर एक पत्रक छापून एका गावातल्या प्रत्येक घराच्या दारात टाकलं होतं. त्या पत्रकामुळे एक लहान इमारत आज पडायला आली आहे. ती का पडायला आली आणि अजून कशी वाचू शकते, एवढंच इथे सांगायचं आहे.

आम्ही विरारला, फुलपाड्याला राहतो. माझे वडील मुंबईत एका कचेरीत कारकून होते आणि रविवारी पत्रकं काढायचे. नळाला पाणी का नाही, गटार उघडं का, शाळेच्या पटांगणात कोणाचं सामान पडलंय, असे त्यांचे विषय. छापखाना आगाशीच्या बाजारात होता. बाबा मला स्कूटरवर पुढे उभी करून न्यायचे. मी जोडाक्षरं शिकले ती शाईने ओल्या असलेल्या कागदांवर, त्यामुळे ‘भ्रष्टाचार’ आणि ‘धिक्कार’ मला ‘क्रमांक’च्या आधी लिहिता यायचे. बाबांचे पत्रकाचे दोनच नियम होते. सुरुवातीला असा प्रश्न विचारायचा की वाचणाऱ्याला कागद खाली ठेवता येऊ नये, आणि शेवटी त्याला असं काम सांगायचं जे तो उद्या सकाळी करू शकेल. मधला मजकूर खरा असला म्हणजे झालं.

छपाई व्हायला तासभर लागायचा. तेवढ्यात आम्ही वटारच्या बाजूला चक्कर मारायचो. दोन्हीकडे केळी आणि सुपारीच्या बागा, मधून एका गाडीचा रस्ता. त्या रस्त्याच्या एका वळणावर, विहिरीला लागून, ते कपेल होतं. मोठ्या चर्चच्या हद्दीतल्या एखाद्या आळीसाठी बांधलेल्या लहान देवळाला इकडे कपेल म्हणतात. मिस्सा, म्हणजे फादरांची मोठी प्रार्थना, तिथे वर्षातून मोजक्या वेळा होते, जपमाळ मात्र रोज संध्याकाळी.

बाहेरून ते पांढरं आणि गुबगुबीत दिसायचं. कोपरे गोल, कडा बोथट, जणू कोणी साबणाच्या वडीतून कोरलंय. लांबी पंधरा-सोळा पावलं, रुंदी त्याच्या निम्मी. समोरची भिंत छपरापेक्षा वर चढवलेली, तिच्या दोन्ही खांद्यांना उतरती वळणं, आणि टोकाशी एक उघडी कमान. त्या कमानीत घंटा. भिंती माझ्या दोन हातांएवढ्या जाड. खिडक्या बाहेरून अरुंद आणि आत येता येता रुंद होत गेलेल्या, त्यामुळे थोडासाच उजेड यायचा, पण तो सगळ्या खोलीभर पसरायचा. दाराच्या आत उजव्या हाताला भिंतीतच बसवलेलं पवित्र पाण्याचं दगडी भांडं होतं, शिंपल्याच्या आकाराचं, कड बोटांनी झिजलेली. लोक बसतात त्या भागावर कौलारू छप्पर. वेदीवर मात्र दगडी घुमटी होती, आणि तिच्या आतल्या गिलाव्यावर काढलेली वेल. रंग लाल मातीचा. पानं द्राक्षाची असावीत, पण काढणाऱ्याने द्राक्षवेल कधी पाहिली नसावी, कारण पानं सरळसरळ नागवेलीची होती. ज्याने ती काढली तो इथल्याच पानमळ्यातला होता, याला मला वेगळा पुरावा लागत नाही.

कपेल किती जुनं, याची गावात दोन उत्तरं आहेत. फादर सांगायचे, वसईचा किल्ला उभा राहत होता त्याच सुमाराचं. म्हातारी माणसं सांगतात, मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा ते होतंच, आणि त्या वेळी कोणी त्याला हात लावला नाही. दारावरच्या दगडात क्रूस आहे, खाली तीन पायऱ्या आणि एक ओळ अक्षरं. अक्षरं चुन्याखाली गेलेली. ती ओळ वाचता आली की दोन्ही उत्तरांचा निकाल लागेल, असं मला वाटायचं. माझ्या पत्रकाचं बी तिथे पडलं.

कपेलची किल्ली एका मावशींकडे असते. समोरचंच घर त्यांचं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पाणी दिलं आणि बाबांना विचारलं, कुठल्या पक्षाचे. बाबा म्हणाले, कुठल्याच नाही. मावशी म्हणाल्या, मग एवढे कागद कशाला. हा संवाद पुढे पंधरा वर्षं थोड्याफार फरकाने होत राहिला.

त्यांच्याकडूनच मला चुन्याची रीत कळली. दर वर्षी उन्हाळ्यात कपेलचा सण असतो. त्याच्या आदल्या आठवड्यात सगळी आळी मिळून कपेलला चुना लावते. भिंती घरांमध्ये वाटून दिलेल्या आहेत. अमक्या घराची उत्तरेची खिडकी, तमक्या घराचा दाराचा डावा खांदा. लग्न होऊन गेलेली मुलगीसुद्धा आपल्या माहेरच्या तुकड्याला एक कुंचा मारायला येते. वेदीच्या मागची भिंत मात्र आळीतल्या कोणाचीच नाही. ती खाडीपलीकडच्या एका हिंदू शेतकरी घराची आहे. त्यांच्या कोणा पूर्वजाने या कपेलच्या चुन्यासाठी शिंपले भाजले होते, म्हणून. त्या घरातला माणूस दर वर्षी विझवलेला चुना घेऊन येतो. वर्षभर खड्ड्यात पाण्याखाली ठेवलेला, लोण्यासारखा झालेला. तो आपल्या भिंतीला पहिला कुंचा मारतो, मग बाकीचे सुरू करतात. जुना थर कधी काढायचा नाही, त्यावरच नवा द्यायचा.

हे सगळं मी ऐकलं होतं. वहीत लिहूनही ठेवलं होतं. आणि तरीही मला त्यात फक्त एक गोष्ट दिसली: शेकडो वर्षं लोक एका दगडी शिल्पाला न विचारता पांढरं फासतायत.

मी कॉलेज संपवून नुकतीच लिहायला लागले होते. एका हिवाळ्यात मी पत्रक काढलं. मथळा होता, ‘आपला इतिहास कोणी झाकला?’ शेवटी आवाहन होतं की येत्या रविवारी ब्रश घेऊन या. लोक आले. मला त्याचं आजही आश्चर्य वाटतं. आळीतले तरुण आले, गाड्या लावून फोटो काढणारे बाहेरचे आले, दोन शिक्षक आले. मावशींनी किल्ली दिली आणि चहा केला. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की काकांना विचारलंय ना. खाडीपलीकडच्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला सगळे काका म्हणतात. मी म्हटलं, कळवू.

तीन रविवार आम्ही तारेच्या ब्रशांनी भिंती खरवडल्या. चुना बोटभर जाड निघाला, मोठमोठ्या खपल्यांत. खालचा दगड काळसर, घडीव फक्त कोपऱ्यांना आणि कमानींना. बाकी सगळी भिंत लहानमोठ्या ओबडधोबड दगडांची, मधे चुन्यात घट्ट बसवलेली. म्हणजे ज्याला मी शिल्प समजत होते ती भिंत मुळात झाकायलाच बांधलेली होती. ते तेव्हाच समोर दिसत होतं. मी पाहिलं नाही. ओबडधोबड दगड उठून दिसावेत म्हणून एकाने सुचवलं, की सांध्यांतून सिमेंटची रेघ ओढू या. हल्ली बंगल्यांच्या कुंपणाला ओढतात तशी. मला ते आवडलं. ती रेघ मी स्वतःही ओढली आहे, दक्षिणेच्या खिडकीखाली.

दारावरची अक्षरं ब्रशने निम्मी गेली. उरलेल्यांवरून कोणालाच काही वाचता आलं नाही.

सणाच्या आठवड्यात काका आले. मुलाच्या टेम्पोत दोन पिंप, त्यांवर ओलं गोणपाट. त्यांनी फाटकाशी चपला काढल्या, मागे गेले आणि आपल्या भिंतीसमोर उभे राहिले. मग दगडावर तळवा ठेवला. मी पुढे होऊन समजावायला लागले: मूळ बांधकाम, वारसा, पाहायला येणारे लोक. त्यांनी मधेच तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, “दगडच बघायचा होता तर खानीत जायचं होतं, पोरी.”

दोघं-तिघं हसले. काका हसले नाहीत. मावशी म्हणाल्या, निदान पिंपं तरी उतरवून ठेवा. ते म्हणाले, इथे झाकायला कोणी तयार नसेल तर माझ्या गोठ्याला चुना लागतोच. टेम्पो परत गेला. त्यांच्या कुंच्याशिवाय झालेला तो पहिला सण. फोटो मात्र खूप छान आले. मी घरी येऊन पुढच्या पत्रकासाठी एक ओळ लिहून ठेवली होती, ‘परंपरेच्या नावाखाली विद्रूपीकरण’. ती वही माझ्याकडे आहे.

श्रावणात मी गेले तेव्हा आतल्या भिंती ओल्या होत्या. बोट लावलं की ओळ उमटायची. पाणी दगडांतून शिरत होतं आणि सिमेंटच्या रेघांमुळे बाहेर निघत नव्हतं. जमिनीपासून छातीपर्यंत लोणा, म्हणजे भिंतीतला खार, चढला होता, बारीक पांढऱ्या सुयांसारखा. आम्ही एवढं खरवडून काढलेलं पांढरं आतून परत येत होतं. मावशी रोज झाडूने तो गोळा करायच्या आणि रोज तेवढाच पुन्हा यायचा.

गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यात, एका दुपारी, घुमटीचा गिलावा सुटला. सुपाएवढा तुकडा, वेलीसकट. तो पडला तो मावशींच्या गुडघे टेकण्याच्या जागेवर. मेणबत्ती लावायला त्या तिथेच आल्या होत्या, काडी मिळेना म्हणून नुकत्याच घरी गेल्या होत्या. नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगायच्या, “काडीपेटी संपली म्हनून जिवंत हाय मी.” आणि हसायच्या. कपेलला कुलूप लागलं. तेव्हापासून त्या समोरच्या ओट्यावर बसून जपमाळ करतात, तोंड बंद दाराकडे करून.

मोठ्या चर्चच्या सभागृहात बैठक झाली. मला पाहुणी म्हणून बसू दिलं. आळीतलाच एक इंजिनीयर मुलगा बोलला, आणि तो वाईट बोलला नाही. इमारत धोक्याची झाली आहे, लहान मुलं येतात, पाडून नवं बांधू, मोठं आणि उजेडाचं. कित्येकांनी माना हलवल्या. मी उठून उभी राहिले आणि मला पहिल्यांदाच कुठला प्रश्न विचारावा ते सुचलं नाही. मी सांगितलं की चुना काढायची कल्पना माझी होती, आणि खाली बसले. मावशी बसूनच म्हणाल्या, “पोरीने लिवलं आनि आपन केलं. चावी मीच दिली. आता एक सण थांबा.”

चर्चच्या समितीने एक सण दिला. पुढच्या सणाच्या आठवड्यात घुमटीचा उरलेला गिलावा लाकडी हातोडीने ठोकून पाहायचा. आवाज भरीव आला तर कपेल राहील. पोकळ आला तर पावसाआधी पाडायचं.

त्यानंतरच्या रविवारी मी आणि मावशी खाडीपलीकडे गेलो. काका वांग्याला पाणी देत होते. आम्हाला बांधावर बसवून त्यांनी उरलेले सगळे वाफे आधी भिजवले. मावशींनी दोनदा खाकरून पाहिलं. मग ते आले, आणि मी काय बोलायचं ते ठरवलेलं असूनही नुसती त्यांच्या हातावर चुन्याची खपली ठेवली. खरवडताना आठवण म्हणून मी एक ठेवली होती. तिच्या कडेला थर दिसतात, कागदांच्या गठ्ठ्यासारखे. मी ते मोजायला बसले होते आणि मधेच सोडून दिलं होतं.

काकांनी ती उन्हात धरली आणि नखाने वाचायला लागले. हा करडा थर त्यांच्या आजोबांचा. त्या साली भट्टीत जाळायचा भाताचा तूस ओला होता, चुन्यात राख मिसळली, आणि आजोबांना आळीतल्या बायकांनी भरपूर ऐकवलं होतं. हा निळसर, वडिलांचा. बहिणीच्या लग्नात घराला नीळ घातलेला चुना केला होता, उरलेला इकडे आणला. हा पातळ, त्यांचा स्वतःचा पहिला. चुन्यात पाणी जास्त पडलं होतं. त्याच्याही खाली बरेच थर होते, आणि तिथे त्यांचं नख थांबलं. “याच्या खालचे मला ठावं नाय,” ते म्हणाले, आणि खपली मला परत दिली.

मी ज्या ओळीसाठी भिंत खरवडली ती वाचता आली नाही. जे वाचता येत होतं ते आम्ही पोत्यांत भरून रस्त्याच्या खड्ड्यांत टाकलं होतं.

मग त्यांनी काम सांगितलं. त्यांनी माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आधी सिमेंटची प्रत्येक रेघ छिन्नीने काढायची, दगड न दुखवता. मग सांधे चुन्याने भरायचे. मग बाहेरून पाच हात चुना, प्रत्येक ताकाएवढा पातळ, प्रत्येक वाळला की मगच पुढचा. एकदम जाड दिला तर पापुद्रा होऊन पडेल. चुना शिंपल्यांचाच हवा, कारण जुन्या भिंतीत तोच आहे. आतली घुमटी आपोआप सुकेल, तिला कोणी हात लावायचा नाही.

डिसेंबर-जानेवारीत आम्ही सिमेंट काढलं. ज्यांनी रेघा ओढल्या होत्या तेच आले, तो इंजिनीयर मुलगाही आला. त्याने शनिवार-रविवार सोडला नाही. तो म्हणतो, पाडायचं ठरलं तर निदान मी प्रयत्न केला नाही असं कोणी म्हणायला नको. रेघ ओढायला एक दिवस लागला होता. काढायला सात आठवडे लागले. दक्षिणेच्या खिडकीखालची मी काढली.

पहिला कुंचा काकांनी मारला. त्या दिवशी मावशींनी त्यांच्यासाठी सणाला काढतात त्या चांगल्या कपात चहा आणला तेव्हा ते म्हणाले, अजून सण कुठे आहे, आधी भिंत वाळू दे. पण चहा घेतला. नंतर दुसरा हातही झाला. लोणा आता गुडघ्याच्या खाली आहे. परवा काकांनी घुमटीला बोटांची टकटक करून पाहिली. डावीकडे भरीव वाजते. उजवीकडे वेल शिल्लक आहे, तिथे अजून कळत नाही.

अजून तीन हात बाकी आहेत आणि शिंपले संपले आहेत. पूर्वी काकांचं घर खाडीच्या तोंडाशी टोपल्यांनी शिंपले वेचायचं. आता तिथे भराव आहे, आणि भराव नाही तिथे प्लास्टिक. त्यांना मिळतात ते वर्षाला एका हातापुरते. पाच हातांना पुरतील एवढे त्यांच्या आवाक्यात नाहीत. ते तुमच्या घरात आहेत. विरारपासून वसईपर्यंत रविवारी किती घरांत तिसऱ्या होतात, ते कुठल्याही मासळीबाजारात उभं राहिलं की कळतं. खाऊन झालं की शिंपले कचऱ्याच्या पिशवीत जातात.

बाबा आता निवृत्त आहेत. हे लिहायच्या आधी मी त्यांना विचारलं, की जुन्या पत्रकाच्या प्रती घरोघरी जाऊन परत मागू का. ते म्हणाले, चुकीचं पत्रक गोळा करत फिरण्यात आठवडा जातो. दुसरं काढ, आणि या वेळी काम नीट सांग.

म्हणून नीट सांगते. या रविवारी तिसऱ्या, शिवल्या, कालवं, जे काही कराल त्याचे शिंपले टाकू नका. मसाला राहिला असेल तर घासून काढा, दोनदा गोड्या पाण्यात धुवा, आणि गॅलरीत दोन दिवस कडक वाळवा. ओले आणू नका, त्यांना वास येतो आणि भट्टीत राख धरते. खेकड्याची कवचं नकोत. आगाशीच्या बाजारात मासळीच्या रांगेच्या टोकाला एक निळं पिंप ठेवलं आहे, त्यावर खडूने क्रूस काढला आहे. दुसरं फुलपाड्याला आमच्या इमारतीच्या फाटकात आहे. जे जवळ पडेल त्यात शिंपले टाका. सणाला दोन महिने राहिले आहेत, नवा चुना वर्षभर नाही तरी आठवडाभर मुरवावाच लागेल असं काका म्हणतात, आणि एक हात वाळायला दोन आठवडे लागतात, तेव्हा पुढच्या रविवारची वाट पाहू नका.